जुनं यंत्र साक्षीला हवं

यमुनेचा पूल ओलांडून नोएडाच्या वाटेला लागलं की मयूर विहार येतं. समाचार अपार्टमेंट, हिंदुस्तान टाइम्स अपार्टमेंट ही इथल्या सोसायट्यांची नावंच सांगतात की छापील शब्दावर पोट असलेल्या बऱ्याच माणसांनी इथे घरं केली. तिथून पटपडगंज, लक्ष्मीनगर, शाहदरा असं वर सरकत गेलं की टायपिंगची दुकानं, डीटीपीवाले, छापखाने आणि बाइंडरांचे गाळे लागत जातात. या पट्ट्यातल्या जुन्या डीटीपीवाल्याकडे, आणि पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या किंवा नागपुरातल्या त्याच्या व्यवसायबंधूकडेही, कोपऱ्यात एक कॉम्प्युटर असतो. त्यावर विंडोज एक्सपी असते, पेजमेकर ७ असतं, मागच्या बाजूला सॉफ्टवेअर चालू होऊ देणारं एक छोटं लॉक खोचलेलं असतं. इंटरनेटची वायर मात्र नसते. हे अजून भंगारात का काढलं नाही, असा प्रश्न कुणीही विचारील, आणि वरवर पाहता तो रास्तच आहे. माझं उत्तर असं आहे की त्यातल्या फाइली युनिकोडमध्ये उतरून मूळ पानाशी ताडून होईपर्यंत त्या यंत्राला कुणी हात लावू नये, आणि त्यानंतरही त्याच्या आतली सगळी व्यवस्था जशीच्या तशी जपावी. निव्वळ सवय मोडवत नाही म्हणून ही यंत्रं टिकली, असं समजणं चूक आहे. आपल्या भाषेच्या नव्वदच्या दशकापासूनच्या पंधरा-वीस वर्षांच्या मजकुराबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ठाऊक नाही.

त्याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. पेजमेकर हे अल्डस कंपनीचं, १९८५ सालचं सॉफ्टवेअर. १९९४ मध्ये अडोबीने अल्डस विकत घेतली, २००१ मध्ये पेजमेकर ७ ही आवृत्ती आली, आणि २००४ मध्ये अडोबीने पुढचा विकास थांबवला. भारतीय भाषांतली पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं यांचा मोठा भाग त्या काळात याच सॉफ्टवेअरमध्ये जुळवला गेला. पण पेजमेकर बनलं होतं रोमन लिपीसाठी. त्याच्या लेखी एक अक्षर म्हणजे ० ते २५५ यांतला एक आकडा आणि त्या आकड्याच्या घरात बसवलेलं एक चित्र. व्यंजनाला व्यंजन जोडून नवं रूप होतं, वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, यातलं काहीही त्याला कळत नव्हतं. याच सुमाराला भारतात यावर चांगला तोडगा निघालेला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान त्यावर काम करणाऱ्या मोहन तांबे यांच्यासोबत पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेत आलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की हे प्रमाणक जाहीर केलं. इस्कीत मजकूर व्यंजन-स्वरांच्या क्रमाने साठवायचा आणि पडद्यावरचं रूप यंत्राने घडवायचं, अशी रीत होती. पुढे युनिकोडच्या देवनागरीनेही हीच रीत उचलली. पेजमेकरला मात्र रूप घडवता येत नव्हतं, त्यामुळे इस्कीतला शुद्ध मजकूर तिथे निरुपयोगी ठरत होता. बाजाराची गरज तर आजची होती. मग फाँट बनवणाऱ्यांनी जवळची वाट धरली: इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले.

हे तुकडे कसे बसतात ते एका शब्दावर पाहू. दिल्लीकडे हिंदीच्या कामात सर्वत्र चालणारा फाँट म्हणजे कृतिदेव. तो जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बेतलेला आहे. त्यात ‘मराठी’ हा शब्द उमटवायचा तर इंग्रजी कळफलकावरच्या छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी आणि छोटा एच या कळा ओळीने दाबायच्या. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फाइलमध्ये साठतात ती ही पाच इंग्रजी अक्षरं. ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये कुठेच नाही. तो फक्त त्या फाँटच्या नजरेला दिसतो. आता ‘स्थिती’ घ्या. इथे पहिली कळ ऱ्हस्व वेलांटीची, मग अर्धा स, मग अर्धा थ, मग तो थ पुरा करणारा काना, मग त आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे हात फिरतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने. ‘धर्म’मध्ये ध सुद्धा दोन तुकड्यांचा, आणि रफार म नंतर टाइप होतो, जरी उच्चारात र त्याच्या आधी असला तरी. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातांना असंच तुकड्यातुकड्यांनी काम करायची सवय होती, त्यामुळे ऑपरेटरांना हे अवघड गेलं नाही. अडचण पुढे आली, कारण प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या मर्जीने मांडले. मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकच्या आयएसएमची वेगळी. एकट्या सी-डॅकच्या फाँटांतही निव्वळ देवनागरीसाठीची डीव्ही मालिका, देवनागरी आणि इंग्रजी एकत्र ठेवणारी डीव्हीबी आणि वेबसाठीची डीव्हीबीडब्ल्यू, अशा मालिका झाल्या. त्यामुळे ‘सुरेख’ किंवा ‘योगेश’ हे नाव तेच दिसलं तरी आतली घरं तीच असतील याची खात्री देता येत नाही.

याचा सरळ परिणाम असा की १९९८ साली जुळवलेली कादंबरी म्हणजे एकटी फाइल नव्हे. फाइल, नेमक्या आवृत्तीचा फाँट, ती पानं मांडणारं पेजमेकर, पेजमेकर ज्याच्यावर चालतं ती विंडोज आणि भाषेच्या सॉफ्टवेअरला चालू होऊ देणारं लॉक, ही पाचही एकत्र आली तरच कादंबरी वाचता येते. फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की पेजमेकर एक यादी समोर ठेवतं: हा हा फाँट सापडला नाही, त्याऐवजी हा चालेल का? हो म्हटलं की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा पसरतो, ओळी लांबतात, पानं सरकतात, अनुक्रमणिकेतले आकडे खोटे ठरतात. बाकीचे दुवेही एकेक करून तुटत चालले आहेत. एक्सपीला मिळणारा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्या काळातल्या कितीतरी प्रोग्रॅमांचे इन्स्टॉलर १६ बिटांचे होते. ६४ बिटांच्या विंडोजवर ते सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच मिळते. अडोबीचं इनडिझाइन पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडत असे, पण सीएस६ पर्यंतच. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. योगायोग असा की भारतीय लिप्या नीट मांडता येऊ लागल्या त्याही २०१२ च्या याच सीएस६ मध्ये. जुन्याला वाचणारी आणि नव्याला लिहू शकणारी एवढी एकच आवृत्ती या साखळीत आहे. तिच्या मूळ डिस्क ज्यांच्या कपाटात पडल्या असतील त्यांनी त्या जपाव्यात.

यावर पहिला आक्षेप येतो तो कन्व्हर्टरचा. कृतिदेवातून, श्रीलिपीतून, सुरेखमधून युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्रॅम आज मिळतात, बरेच फुकट मिळतात, मग यंत्र कशाला हवं? कन्व्हर्टर उपयोगी आहेत, ते वापरलेच पाहिजेत. पण ते काय करतात ते पाहा. वेलांटी पुढून उचलून पूर्ण जोडाक्षरामागे न्यायची, रफार मागून उचलून पुढे आणायचा, काना जोडून अर्ध्या अक्षराचं पूर्ण करायचं. साध्या मजकुरात हे बिनचूक जमतं. घसरण होते ती कडेच्या जागी: तीन व्यंजनांच्या जोडाक्षरात, मजकुराच्या मधोमध आलेल्या खऱ्या इंग्रजी शब्दात, तळटीपेच्या खुणेत, संस्कृत अवतरणात, आणि मराठीच्या खास अक्षरांत. ‘दुसऱ्या’मधला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र जुन्या फाँटांत एका स्वतंत्र घरात बसलेला असे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: टिंबाच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन कन्व्हर्टरांनी दोन वाटा धरल्या की पडद्यावर शब्द सारखाच दिसतो, पण शोधायला गेलं की अर्धाच सापडतो. ‘ॲ’ची कथाही तीच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी झालेल्या रूपांतरांत तो ‘अ’वर चंद्र देऊन किंवा हिंदीच्या ‘ऍ’ने भागवलेला आढळतो. अशा चुका यंत्राला दिसत नाहीत, प्रूफ वाचणाऱ्यालाच दिसतात. आणि तो ताडून पाहणार कशाशी? मूळ फाइल मूळ फाँटमध्ये जशी दिसत होती तिच्याशी. म्हणजे रूपांतर बरोबर झालं की नाही हे सांगणारा साक्षीदार तेच कोपऱ्यातलं यंत्र आहे. कन्व्हर्टर असल्यामुळे जुन्या यंत्राची गरज संपते, हा युक्तिवाद इथेच उलटा पडतो: रूपांतराच्या दिवशी त्या यंत्राची गरज सर्वांत जास्त असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पुस्तक छापलेलं आहे, त्याची पीडीएफही आहे. मग मूळ फाइलच्या मागे एवढं का लागायचं? पीडीएफ पानाचं रूप उत्तम राखते, कारण फाँटचे आकार ती पोटात घेऊन फिरते. पण त्या पानावरून ‘मराठी’ हा शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बहुतेक वेळा तीच पाच इंग्रजी अक्षरं बाहेर पडतात. अशी पीडीएफ डोळ्यांनी वाचता येते. तिच्यात शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाला ती ऐकवता येत नाही, दुसऱ्या आवृत्तीसाठी तिच्यात परिच्छेद घालता येत नाही. राहिला छापील प्रतीवरून ओसीआर करण्याचा मार्ग. तो आता खरोखर सुधारला आहे, आणि जिथे फाइल हरवली आहे तिथे तोच एक मार्ग आहे हे मी मान्य करतो. पण ज्या मजकुराची अक्षर न् अक्षर नोंद उपलब्ध आहे तो छापून, स्कॅन करून, पुन्हा यंत्राला अंदाजाने वाचायला लावायचा, आणि त्यात नव्याने पडलेल्या चुका पुन्हा माणसाने काढायच्या, हा हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा प्रकार आहे. शब्दकोश, सूची, शब्दार्थांसह छापलेल्या संतवाङ्मयाच्या आवृत्त्या यांत तर एका टिंबाने अर्थ बदलतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम त्याने अडवलं, आणि मायक्रोसॉफ्टला नियम मोडून एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. पुढच्या वर्षी, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांना एक्सपीवर चालणारी एटीएम जून २०१९ पर्यंत बदलायला सांगितलं. ते योग्यच होतं. एटीएम सतत नेटवर्कवर असतं आणि त्याच्यात लोकांचे पैसे असतात. पण वॉनाक्रायचा नंतर जो अभ्यास झाला त्यातून एक वेगळी गोष्ट बाहेर आली. कॅस्परस्की कंपनीच्या नोंदींनुसार बाधित यंत्रांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक विंडोज ७ ची होती, आणि त्या विंडोजसाठीची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. म्हणजे घात केला तो जोडलेल्या असूनही दुरुस्त न केलेल्या यंत्रांनी. जे यंत्र कुणाशीच जोडलेलं नाही त्याच्यापर्यंत हा किडा पोचूच शकत नव्हता. डीटीपीवाल्याने इंटरनेटची वायर काढून ठेवली हे म्हणूनच शहाणपणाचं काम आहे. फट राहते ती पेन ड्राइव्हची. ती बुजवायला फाइली एकाच दिशेने, जुन्या यंत्राकडून नव्याकडे न्याव्यात, आणि ग्राहकाने आणलेला पेन ड्राइव्ह या यंत्राला कधीही लावू नये, एवढा नेम पाळला तर पुरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणजे ते मेलंच, असा काही निसर्गनियम नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ जी साधनं वापरत आले त्यांत एआयपीएस हे अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेचं सॉफ्टवेअर आहे, आणि त्याचं काम १९७८ मध्ये फोरट्रान भाषेत सुरू झालं. डोनल्ड नूथ यांचं टेक् हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरही १९७८ चंच. त्याच्यासाठी फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ साली देवनागरीची सोय केली, आणि तेव्हा लिहिलेली फाइल आजच्या यंत्रावरही जुळते. ही दोन्ही पेजमेकरपेक्षा वयाने मोठी असून जिवंत आहेत, कारण त्यांचा मूळ सोर्स कोड खुला आहे आणि प्रत्येक नव्या यंत्रावर कुणीतरी तो पुन्हा बांधून घेतो. पेजमेकरचा कोड बंद, फाँटची घरं कंपनीची, लॉकची चावी कंपनीची. म्हणून तिथे यंत्रच सांभाळावं लागतं.

पण यंत्र किती दिवस सांभाळणार? त्या काळातल्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगतात, हार्ड डिस्क खरखरायला लागते, प्रिंटरच्या पोर्टला लागणारं जुनं लॉक चालेल असा मदरबोर्ड नेहरू प्लेसच्या बाजारातही हुडकावा लागतो. आणि यंत्र एकदा टाकलं की फार लांब जात नाही. मयूर विहारहून पिंक लाइनने वेलकमला उतरून रेड लाइनवर एक स्थानक पुढे गेलं की सीलमपूर येतं. देशातल्या इलेक्ट्रॉनिक भंगाराच्या मोठ्या बाजारांपैकी तो एक. तिथे हार्ड डिस्क सुटी होते, तांबं वेगळं, पत्रा वेगळा, आणि डिस्कवर काय होतं हे कुणी विचारत नाही, विचारायचं कारणही नाही. तोडणारा माणूस आपलं काम करत असतो. जपण्याची जबाबदारी यंत्र देणाऱ्याची आहे. तिच्यासाठीचा उपाय तीस वर्षांपासून माहीत आहे. जेफ रोथेनबर्ग यांनी जानेवारी १९९५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मांडलं होतं की डिजिटल दस्तऐवज टिकवायचे तर ते वाचणारं सॉफ्टवेअर आणि त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅमही टिकवावा लागेल. ब्रिटनमध्ये याचा पडताळा आला. बीबीसीने १९८६ मध्ये डूम्सडे प्रकल्पात लाखो लोकांनी दिलेली माहिती लेसर डिस्कवर घातली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी २००२ मध्ये त्या यंत्राची नक्कल बनवून ती पुन्हा दिसती केली. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींची कागदपत्रं आणि जुने कॉम्प्युटर अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने घेतले, तेव्हा त्यांच्या मॅकिंटॉश परफॉर्मा ५४०० चीही नक्कल तयार केली. २०१० पासून अभ्यासकाला तिथे लेखकाचा मजकूर त्याच पडद्यावर, त्याच फोल्डरांच्या मांडणीत पाहता येतो.

हेच डीटीपीच्या दुकानात करता येतं. एक्सपीच्या अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढायची आणि ती आजच्या कॉम्प्युटरवर आभासी यंत्रात, नेटवर्क बंद ठेवून चालवायची. यूएसबीचं लॉक असेल तर ते आभासी यंत्राला देता येतं. जुन्या पोर्टचं लॉक मात्र अडतं, आणि तिथे कायद्याचाही प्रश्न येतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅमच्या रीतसर धारकाला, प्रोग्रॅम नाहीसा झाला तर हाताशी असावी म्हणून, बॅकअप प्रत काढू देतं. लॉक तोडण्याबद्दल मात्र २०१२ मध्ये ६५अ हे वेगळं कलम आलं आहे. या गुंत्यातून सुटायचा सोपा मार्ग कंपन्यांच्याच हातात आहे. ज्या आवृत्त्या आता विकायच्या नाहीत त्यांच्या फाँटच्या घरांचे तक्ते त्यांनी जाहीर करावेत आणि लॉकशिवाय चालणारी प्रत जुन्या ग्राहकांना द्यावी. त्यात त्यांचं नुकसान काही नाही, आणि भाषेचं काम मोठं होईल.

एवढा खटाटोप कशासाठी, असा शेवटचा आक्षेप उरतो, आणि त्याचं उत्तर मराठीला नव्याने शोधावं लागत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मोडी कागदांची नक्कल नागरीत करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापले, पण छापून झालं म्हणून मूळ कागद कुणी चुलीत घातले नाहीत. ते जपायला १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. नक्कल चुकली तर मूळ पाहता यावं, हा विचार त्यामागे होता. नव्वदच्या दशकातला मराठी मजकूर त्याच जातीचा दस्तऐवज आहे. दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट आणि साहित्य अकादमी मराठी पुस्तकं काढत आल्या, महाराष्ट्रात शेकडो लहान प्रकाशकांनी काढली. ज्या लेखकांची पुस्तकं पुन्हा छापायला मोठा प्रकाशक तयार नाही त्यांच्या बाबतीत ती पेजमेकर फाइल हीच पुढच्या आवृत्तीची एकमेव स्वस्त वाट आहे. मोठ्या संस्थांना आभासी यंत्रं परवडतील. एकट्या डीटीपीवाल्याने निदान क्रम तरी चुकवू नये. आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा, दोन ठिकाणी. मग फाँटचे फोल्डर, सॉफ्टवेअरच्या सीडी, खरेदीची पावती आणि लॉक एका पाकिटात. मग प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाची त्याच यंत्रावरून काढलेली पीडीएफ, आणि त्यानंतर रूपांतर. या सगळ्याआधी प्रत्येक फाँटचा एक तक्ता जुन्या यंत्रावरून कागदावर छापून घ्यावा: डावीकडे आकडा, उजवीकडे त्या घरात बसलेलं अक्षर, असे २५६ चौकोन. दोन पानांचं काम आहे. तो तक्ता हाताशी असला तर उद्या कंपनी बंद पडली, लॉक हरवलं, तरी कुणीही प्रोग्रॅमर त्या फाँटसाठी नवा कन्व्हर्टर लिहू शकतो. आणि तक्ता नसेल तर त्याला छापील पुस्तक आणि फाइल शेजारी ठेवून एकेक अक्षर ओळखत बसावं लागतं.